व्हेनर्नच्या पाण्यातला ठिपका

मुलगी शिकायला स्वीडनला गेली आणि इथे अमिरातीत, अल ऐनमध्ये बसून मी तिथलं व्हेनर्न सरोवर पाठ केलं. आमच्या गावात पाणी म्हणजे खजुरांच्या बागेतल्या पाटात घोट्याएवढं. हे सरोवर एवढं मोठं की पलीकडचा काठ दिसत नाही. तिचं गाव उत्तर काठावर. वरून जमिनीची एक जीभ आत शिरलेली, खालून एक बेट तिला भेटायला आलेलं, मध्ये खडकाळ बेटांचा चुरा. नद्या कुठून येतात, पाणी समुद्राकडे कुठून जातं, सगळं मला ठाऊक. फोनवरचं लोकेशन कायम चालू ठेवायचं, या अटीवरच तिला सोडलं होतं. अट माझी, पहारा बायकोचा.

जानेवारीतल्या एका शनिवारी जेवताना बायको म्हणाली, "ही पाण्यात का दिसतेय?"

नकाशावरचा तिचा ठिपका काठापासून बराच आत होता. मी नकाशा मोठा केला. तिथे बेट नव्हतं, आणि फिरायच्या बोटी हिवाळ्यात बंद असतात हेही मी वाचलं होतं. फोन लावला, नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला. बायको म्हणाली, नकाशा चुकत असेल. मी तिच्यावर खेकसलो. मलाही तेच वाटून घ्यायचं होतं, पण मन चिंती ते वैरी न चिंती. मग ठिपका हलायचा थांबला. जेवण तसंच ताटात राहिलं.

अर्ध्या तासाने तिचा व्हिडिओ कॉल आला. गाल लाल, मागे पांढरंशुभ्र सपाट मैदान आणि स्केटिंग करणारी माणसं. "बाबा, रिलॅक्स. इट्स आइस. एव्हरीबडी डझ इट." सरोवर गोठत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नकाशात पाणी बाराही महिने निळंच असतं.

तिच्या गळ्यात दोरीला दोन टोकदार टोचे लटकत होते. ते कशाला, असं बायकोने विचारलं. बर्फ फुटून आत पडलं तर हे रोवून वर यायचं, असं ती हसत म्हणाली. मी भडकलो. आधी का सांगितलं नाहीस म्हणून ओरडलो.

ती एकदम मराठीत बोलली. "सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस?"

नाही, मी म्हणालो. खोटं बोलायला सुचलंच नाही.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. खोलीवर पोचले, लोकेशन बंद करतेय, रागावू नका. बायको फोन बाजूला ठेवून त्या दिवशी शांत झोपली. मी अजून रोज सकाळी तो नकाशा उघडतो. सरोवर मला पाठ आहे. त्यात ती कुठे आहे, ते मात्र कळत नाही.