काही खात नाही हो हा

मी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला असताना मला आपल्या संघात घ्यायला आमच्या कोबेच्या घरी चार विद्यापीठांचे कोच येऊन गेले. अमेरिकन फुटबॉलचे. जपानमध्ये हा खेळ आहे हेच आमच्या नातेवाइकांना पटत नसे, आणि त्यात मी आहे हे बाबांनाही पटायला वेळ लागला. कोबेच्या मोठ्या भूकंपानंतर वर्षभरात कंपनीने बाबांना इथे पाठवलं तेव्हा मी मुलुंडहून आलेला, चौथीतला, गुटगुटीत आणि लाजरा मुलगा होतो. हायस्कूलपर्यंत गुटगुटीतचा धिप्पाड झालो आणि तिथल्या सरांनी मला डिफेन्सिव्ह लाइनमध्ये उभं केलं. म्हणजे समोरच्या संघातल्या सर्वांत दांडग्या माणसांच्या नाकासमोर उभं राहायचं, त्यांना ढकलून आत घुसायचं आणि ज्याच्या हातात चेंडू असेल त्याला पाडायचं. लाजऱ्या माणसाला हे काम फार सोयीचं. बोलावं लागत नाही आणि तोंड हेल्मेटच्या जाळीआड राहतं.

पहिले तीन कोच मिठाईचे खोके देऊन, चहा घेऊन गेले. चौथे जेवायला थांबले, म्हणजे आईने त्यांना उठूच दिलं नाही. बुटके, सडसडीत, कमी बोलणारे गृहस्थ. आमच्याकडे जेवण जमिनीवर, मांडी घालून; त्यांना ऐसपैस बसता यावं म्हणून मी माझं भरलं ताट घेऊन उठलो आणि पलीकडे जाऊन बसलो. त्यांनी भेंडीची भाजी दोनदा मागून घेतली आणि मला विचारलं, "आईंना विचार, तू किती खातोस?"

दुभाषी मीच होतो. आईने माझ्या ताटात अकरावी पोळी वाढली आणि चेहरा पाडून म्हणाली, "अहो, काही खात नाही हो हा."

पाहुण्यांसमोर लेकराचं खाणं कबूल करायचं नाही, नजर लागते, हे आईच्या हाडात मुरलेलं. मला ते कळत होतं. तरी मी शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं. कोचनी गंभीरपणे मान हलवली आणि खिशातून छोटी वही काढून काहीतरी लिहिलं. जाताना ते म्हणाले, "पहिल्याच वर्षी शरद ऋतूच्या सामन्यांत याला उतरवायचा माझा विचार आहे." डिफेन्सिव्ह लाइनमध्ये जागा चारच, आणि पहिल्या वर्षाच्या मुलाला त्यांतली एक सहसा मिळत नाही. मी त्याच क्षणी त्यांचं विद्यापीठ ठरवून टाकलं.

एप्रिलमध्ये वसतिगृहावर गेलो तर हातात एक कागद पडला. सध्याचं वजन एकशे चार किलो, सप्टेंबरपर्यंत एकशे पंधरा. दिवसातून तीनदा मोठाले तीन वाडगे भात. यांना वाटतंय की हा काही न खाता एवढा झाला, आता खायला घातलं की डोंगर होईल! आणि खरी गोष्ट अशी की माझी टाकी आईने घरीच काठोकाठ भरून पाठवली होती.

मी खाल्लं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्लं. पण धास्तीने अन्न अंगी लागत नव्हतं. मे महिन्यात पोट बिघडलं आणि वजन उतरायला लागलं. दर सोमवारी सगळ्यांची वजनं फळ्यावर लिहिली जायची. खरं सांगून टाकावं तर आईला खोटी पाडल्यासारखं होणार, आणि न सांगावं तर जागा जाणार. मग मी सोमवारी सकाळी संडासात लपून दोन लीटर पाणी प्यायला लागलो. फळ्यावरचा आकडा खूश, मी मात्र वजनकाट्यावर मांड्या आवळून उभा. सराव संपेपर्यंत तो आकडा घामावाटे वाहून जायचा. आज हसू येतं, तेव्हा रोज रडू येत होतं.

जुलैतल्या एका सोमवारी वजन झाल्यावर कोच म्हणाले, "सरावानंतर पुन्हा ये."

पुन्हा काट्यावर उभा राहिलो. शंभर पूर्णांक चार दशांश. मी भडाभडा बोलत सुटलो. मी घरी अकरा पोळ्या खायचो, आई खोटारडी नाही, आमच्यात नजर लागते, चूक माझी, मी तसंच्या तसं भाषांतर करायला नको होतं, मला घरी पाठवायचं असेल तर पाठवा.

कोचनी खिशातून तीच वही काढली आणि आमच्या घरचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. त्यावर दोनच ओळी होत्या. "अकरा खातो. बसल्या जागेवरून भरलेलं ताट घेऊन उठतो, हात टेकत नाही."

"आया काय सांगतात ते मी कुठल्याच घरी लिहीत नाही," ते म्हणाले. "माझी आई तर आल्यागेल्याला सांगायची की हा मुलगा काही कामाचा नाही. मी तुला पोटासाठी नाही घेतलं. कमरेसाठी आणि घोट्यांसाठी घेतलं. एवढ्या आकाराचा माणूस जमिनीवरून असा उठताना मी पाहिला नव्हता."

"मग तो कागद?"

"तसा सगळ्याच पहिल्या वर्षाच्या मुलांना देतात. जमत नाही म्हणून सांगायला येतील असं वाटलं होतं. सगळे आले. तू सोडून."

मी तिथेच जमिनीवर बसलो आणि हुंदके देऊन रडलो. तीन महिन्यांत पहिल्यांदा कडकडून भूक लागली होती. कोच म्हणाले, "शंभर पुरे. आता ऊठ." मी उठलो. हात न टेकता.

सप्टेंबरमधल्या पहिल्या सामन्यात मला ती जागा मिळाली. दोनदा पाडला गेलो, एकदा पाडलं. सामना संपल्यावर आई-बाबा मैदानाच्या कडेला आले आणि एका खेळाडूच्या आईने कौतुकाने विचारलं, "याला घालता तरी काय खायला?"

मी आईला मराठीत सांगितलं. तिने आधी माझ्याकडे डोळे भरून पाहिलं, मग चेहरा पाडला.

"अहो, काही खात नाही हो हा."

बाजूलाच कोच उभे होते. मी त्यांच्याकडे बघत शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं. कोच आईपुढे कमरेत वाकले आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "हो. तुम्ही त्या दिवशीच सांगितलं होतंत."