नदीकाठी थांबलेली नागू

सिद्धूला भ्यायला फारसं कारण लागत नसे. लहानपणी तो एडक्याला भ्यायचा, आणि धनगराचं पोर एडक्याला भितंय म्हणून मेंढरांबरोबर हिंडणारा सगळा तळ हसायचा. मोठेपणी तो कुपवाडच्या एका लहान वर्कशॉपात लेथवर लागला आणि ड्रॉईंगला भिऊ लागला. समोर ड्रॉईंग टांगलेलं असल्याशिवाय लोखंडाला टूल लावायची त्याची छाती होत नसे. लावण्याआधीही तो माप पुन्हापुन्हा बघायचा. अशा माणसानं कादंबरी लिहायला घ्यावी आणि तीही पुढचं काही न ठरवता, हे नवलच होतं.

पण ते त्याच्या बापाकडून आलं होतं. बापाचं नाव बिरदेव. जतच्या बाजूला त्याची ओवी ऐकायला माणसं लांबून यायची. ढोलावर थाप पडली की बिरदेव "सुंबरान मांडलं" म्हणत देवाला आठवायचा आणि सुटायचा. पुढं काय येणार हे त्यालाही ठाऊक नसायचं. सिद्धूनं विचारलं तर म्हणायचा, "ववीला म्होरनं वडायचं न्हाई रं. तिच्या मागनं जायाचं." बाप गेला आणि ढोल खुंटीला लागला. सिद्धूला गळा नव्हता, पण मोबाईल होता. जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की कंपाउंडच्या लिंबाखाली बसून तो अंगठ्यानं लिहायचा. कृष्णाकाठाला निघालेला एक तळ, मेंढरं, घोडी, कुत्री. आज काय लिहायचं हे त्याला लिंबाखाली बसेपर्यंत माहीत नसायचं. आयुष्यात पहिल्यांदा तो ड्रॉईंगशिवाय काही करत होता आणि त्याला मजा वाटत होती.

घरी त्याची बायको अपेक्षा पोटुशी होती. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपणाला सिद्धूची आई सुलाबाईच गावाहून आली होती. सुलाबाईला अक्षर येत नव्हतं. रविवारी सिद्धू तिला लिहिलेलं वाचून दाखवायचा. एकदा त्यानं लांडग्यानं पांढऱ्या कानाची मेंढी नेल्याचं वाचलं. चार दिवसांनी गावाकडून फोन आला, चुलत्याची मेंढी लांडग्यानं नेली. पुढं त्यानं वाऱ्यानं पत्रे उडाल्याचं लिहिलं, आणि गावातल्या गोठ्याचे पत्रे उडाले. आता जतच्या माळावर लांडगा दरसाल येतो आणि वळवाच्या वाऱ्यानं पत्रे दरसाल उडतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, एवढंच. पण सुलाबाईनं मोबाईलला हात जोडले.

"सिद्धू, ही भाकणूक हाय."

जत्रेत देव अंगात आलेला माणूस साऱ्या वर्षाचं भाकीत सांगतो. पाऊस कसा पडेल, रोगराई कुठं येईल. ती भाकणूक.

"आये, ही गोष्ट हाय. मी मनानं लिवतो."

"म्होरलं ठरवून लिवतोस?"

"न्हाई."

"मग? भाकणूकवाला तरी कुठं ठरवतो? येतंय तसं बोलतो. तुजंबी तसंच हाय."

सिद्धू हसायला गेला आणि त्याचं हसू तोंडातच राहिलं. कारण दोनच दिवसांपूर्वी त्याच्या गोष्टीत त्याला न विचारता एक बाई आली होती. नागू तिचं नाव. घोडीच्या मागनं चालत आलेली, दिवस भरलेली. तळ पुढं गेला होता, नागू नदीकाठी एकटी राहिली होती आणि तिला कळा सुरू झाल्या होत्या. पाणी चढत होतं. पुढचं सिद्धूला अजून माहीत नव्हतं, पण ते कुठं चाललंय हे त्याला दिसत होतं.

त्या दिवसापासून त्यानं लिहिणं थांबवलं. आईला नागूचं सांगितलं आणि सगळं पुसून टाकतो म्हणाला, तर सुलाबाई अंगावर आली.

"मांडलेलं सुंबरान मोडतोस? तुज्या बानं तापात फणफणत ववी पुरी केल्ती. अर्धी सोडली तर ती घरात शिरती, लेका."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. एका दुपारी त्यानं लेथवरच्या अकलेनं बेत आखला. नाव येईल, नावेतून सुईण उतरेल, नागू सुटेल. लिहायला घेतलं तर नावाडी मुका आणि सुईणीला चेहराच येईना. एकही वाक्य जिवंत होईना. नागू मात्र तिकडं कण्हत होती आणि ते त्याला मशीनच्या आवाजातही ऐकू यायचं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते त्यानं या दिवसांत पुरेपूर भोगलं. अपेक्षा नुसती खोकली तरी तो दचकायचा. तिच्या सुजलेल्या पायांकडं बघवायचं नाही, म्हणून तो तिच्याकडं बघायचंच टाळायचा.

"आवं, तुमी माज्याशी बोलत का न्हाई?" तिनं एकदा विचारलं.

"कामाचा लोड हाय," तो म्हणाला.

मग एका सकाळी अपेक्षाचं बीपी वाढलं आणि तिला मिरजेच्या दवाखान्यात न्यावं लागलं. दुपार झाली तरी सुटका होईना. थोडं थांबू, नाहीतर ऑपरेशन करू, असं डॉक्टरीणबाई सांगून गेल्या. बाहेरच्या बाकावर सुलाबाई पदर तोंडाला लावून बसली होती. ती हळूच म्हणाली, "त्या नागूला सोड, सिद्धू. तिकडं नदीवर बसवून ठेवलीयास, म्हणून हितं अडलंय."

आईचं ऐकणं वेडेपणा आहे हे त्याला कळत होतं. न ऐकण्याइतकं धैर्य त्याच्याजवळ नव्हतं. त्यानं मोबाईल उघडला आणि बाप ओवीच्या मागनं जायचा तसा नागूच्या मागनं गेला. नको नको म्हणत अंगठा चालत राहिला. नागू बाळंत झाली. पोरगी रडली. नागूनं तिचं तोंड पाहिलं, आणि पाहता पाहता नागूची मान कलंडली.

मोबाईल त्याच्या हातातून फरशीवर पडला. आपण आपल्या हातानं बायको मारली, एवढंच त्याच्या मनात आलं. तो दाराकडं बघायला तयार होईना.

दार उघडलं. नर्स म्हणाली, "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

"बाई? बाई बरी हाय?"

"दोघी म्हटलं ना!"

सिद्धू भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला. सुलाबाईनं त्याला रडू दिलं, मग विचारलं, "नागू सुटली?"

"गेली, आये."

सुलाबाईनं जमिनीला हात लावून कपाळाला लावला. "आमच्या सुनंच्या वाटचं मरान घिऊन गेली माय. घरी गेल्यावर तिच्या नावानं निवद दावायचा. आन आयक, तिला आता उठवायची न्हाई. लिवलेलं खोडायचं न्हाई."

पहिला खर्डा म्हणजे खोडायलाच असतो, असं लिहिणारे सांगतात. सिद्धूचा खर्डा तिथल्या तिथं पक्का झाला.

संध्याकाळी त्याला आत सोडलं. अपेक्षा पांढरी पडली होती. कुशीत पोर झोपलेलं. ती त्याच्याकडं बघत म्हणाली, "नागूचं काय झालं?"

सिद्धू पलंगाजवळ येता येता थांबला. "तुला कसं म्हाईत?"

"तुमी आंघुळीला गेलासा की वाचायची. रोज बघायची, म्होरं लिवलंय का. ती तितंच बसल्याली असायची."

"आन मला बोलली न्हाईस?"

"तुमीच येवढं भ्यालेला. तुमाला काय सांगायचं?"

इतके दिवस भीती आपल्या एकट्याची आहे असं धरून तो चालला होता. जिच्यावर ते मरण यायचं होतं ती शेजारीच होती, गप्प राहून, पाय ओढत, त्याचा डबा भरत. त्यानं मान खाली घालून सांगितलं, "गेली ती."

अपेक्षानं डोळे मिटले. मग कुशीतल्या पोरीवर हात ठेवून म्हणाली, "आन तिचं लेकरू?"

"तितंच हाय."

"नदीकाठाला? येकलं?"

सिद्धूनं त्याचा विचारच केला नव्हता.

"पानी चढतंय न्हवं तितं," अपेक्षा म्हणाली. "मग हितं काय करताय? जावा की. उचला त्याला."

त्यानं मोबाईल काढला. पडून काचेला तडा गेला होता. काठावर कोण येणार, हे त्याला अजूनही माहीत नव्हतं. पलंगाच्या कडेला बसून त्यानं लिहायला घेतलं.