पिवळ्या परकराचा चोरखिसा

थांबा, हातातलं काम बाजूला ठेवा, हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर माझं पोट फुटेल! आमची शालनआत्या, म्हणजे माझ्या पप्पांची थोरली बहीण, जाऊन महिना उलटला. सकाळी देवपूजा झाली, चहात खारी बुडवून खाल्ली, मशीनवर बसायला म्हणून उठली आणि दारातच खाली बसली... परत उठलीच नाही. पप्पांचा फोन आला तेव्हा मी बार्शीला, माझ्या सासरी, कपडे वाळत घालत होते. हातात नेमका तिनंच शिवलेला पिवळा परकर. आधी मी ढसाढसा रडले, आणि मग त्या परकराकडं बघून मधेच हसायला आलं. माझा नवरा सागर घाबरलाच, हिला काय झालं म्हणून. पण सासूबाई नाही घाबरल्या. त्यांनी परकर बघितला, तोंडाला पदर लावला आणि त्यापण सुरू! डोळ्यांत पाणी आणि खांदे गदागदा हलतायत.

आत्याचं शिलाईचं दुकान सोलापुरात, सात रस्त्याच्या मागच्या बोळात. एक खोली, एक मशीन, माप घ्यायला एक फुलाफुलांचा पडदा. नवऱ्यामुलींचे ब्लाऊज आणि परकर शिवायचे तर आत्याकडंच, असं आमच्याकडं ठरलेलं. परकराला आतून चोरखिसा असायचा. तो काय सगळ्याच बायकांच्या परकराला असतो, किल्ली नाहीतर नोटा ठेवायला. पण नवरीच्या चोरखिशात आत्या काय ठेवायची माहितीय? कंडोमचं पाकीट. लिहिलं बघा, काय झालं? आत्या तर पडद्याआड माप घेता घेता खणखणीत आवाजात बोलायची आणि बाहेर बसलेल्या आयांना एकदम खोकला लागायचा.

हे तिनं उगाच सुरू केलं नव्हतं. मंगल नावाची एक मुलगी होती, तिचा लग्नाचा ब्लाऊज आत्यानंच शिवलेला. लग्नानंतर दीड-दोन वर्षांनी तो ढिला झाला म्हणून ती घेऊन आली, आत्यानं शिलाई आत घेऊन दिला. परत आली, परत ढिला. तिसऱ्यांदा आली तेव्हा आत्याच्या हातातली टेपच थांबली, पोरगी वाळत चालली होती. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ती मंगलला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. रक्त तपासलं तर एचआयव्ही. नवऱ्याला लग्नाच्या आधीपासूनच होता, आणि त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. कधी तपासलंच नव्हतं की! दोघांना औषधं सुरू झाली. आत्या म्हणायची, "पोरीचं माप मला कळलं, पन लग्नाआदी इचारायचं न्हाय कळलं." तेव्हापासनं प्रत्येक नवरीला पडद्याआड दोन गोष्टी. लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून घ्या, आणि खिशातलं पाकीट लाजून फेकून देऊ नका.

माझ्या वेळी मलापण विचारलं. "पुजे, रक्त तपासलं का दोगांनी?"

"आत्या, काहीपण काय! पत्रिका जुळलीय की."

"पत्रिकंत रक्त दिसतंय व्हय गं?"

कॉलेज शिकलेली मी, मोबाइलवर सगळं वाचलेलं, पण सागरला विचारायचं म्हटलं की घशाला कोरड पडायची. त्याला वाटलं मी संशय घेतेय तर? त्याच्या आईला कळलं तर? लग्न मोडलं तर पप्पांचं काय होईल? आत्यानं ओळखलं असणार. रागावली नाही. "बरं," म्हणाली, "मग तपासून हुईस्तवर पाकीट हाय की खिशात. रिकामं झालं की औषधाच्या दुकानात मिळतंय, आपलं तोंड उघडायचं आनि मागायचं."

आता खरी गंमत ऐका. आत्याचा एक पक्का नियम होता. परकर शिवायचा, इस्त्री करायची, घडी घालायची, आणि पाकीट सगळ्यात शेवटी. गरम इस्त्री लागली तर आतला रबर खराब होतो, म्हणून. टाचणीसुद्धा ती त्या पाकिटाच्या आसपास फिरकू द्यायची नाही. तर माझ्या लग्नात सासूबाईंना मानाची पिवळी साडी होती आणि मलापण पूजेची पिवळीच. दोन्हीवरचे परकर एकाच ताग्यातले, इस्त्री होऊन एकावर एक ठेवलेले. बाहेर पप्पा रिक्षा घेऊन ओरडतायत, "अगं ताई, आटप की!" आत्यानं घाईघाईत पाकीट सरकवलं... आणि ते सासूबाईंच्या परकरात गेलं! परकर काय हो, नाडी ओढली की कुणालाही बसतो.

लग्न झालं. त्या रात्री मी प्रवासानं दमल्याचं निमित्त केलं. दुसऱ्या दिवशी बार्शीच्या घरी सत्यनारायण. मी माझा खिसा चाचपतेय तर रिकामा! म्हटलं आत्या विसरली, आता मलाच तोंड उघडायला लागणार. तेवढ्यात स्वयंपाकघरातनं किंकाळी. आमच्या सासूबाईंना गुपचूप मिश्री लावायची सवय, डबी त्यांनी नव्या खिशात ठेवलेली. चार जावा-नणंदांकडं पाठ करून डबी काढायला गेल्या आणि हातात आलं ते पाकीट. एका आज्जींना वाटलं सुपारीची पुडी आहे, त्यांनी तर हातच पुढं केला. "मला बी दे की जरा!"

मी दारात उभी. वाटलं, झालं, आता बॅग भरायची. सासूबाईंनी मला आतल्या खोलीत ओढलं, दार लावलं आणि आत्याला फोन लावला, तोपण स्पीकरवर.

"अवो विहीणबाई, माज्या खिशात काय घातलंय तुमी? ह्या वयात माजं हसं करताय व्हय?"

पलीकडनं आत्या म्हणाली, "अगं बया! अवो, ते तुमचं न्हवं, तुमच्या सुनंचं हाय. तिला द्या बगू आदी."

"आनि मी मिश्री काढाय गेले तर..." सासूबाई बोलून बसल्या आणि दाराबाहेर सगळ्या बायका खदखदायला लागल्या. घरात कुणालाच मिश्रीचं माहीत नव्हतं ना!

मग आत्यानं त्यांना मंगलची गोष्ट सांगितली. नाव न घेता, सगळी. फोन ठेवून सासूबाईंनी मला जवळ बसवलं. मग हळूच म्हणाल्या, "थोरला ल्योक झाल्यापासनं मला खाली तरास हाय. जळजळ, अंगावरनं जातंय. कुनाला सांगावं? अंगावरच काढलं की गं..." आणि पाकीट माझ्या मुठीत कोंबलं. बाहेर जाऊन सागरला हाक मारली, "सोमवारी दोगं जायाचं आनि रक्त तपासून यायचं. मी बी येनार हाय, माजं येगळं काम हाय." सागर म्हणाला, "अगं आई, मीच विचारणार होतो हिला, पण हिला राग येईल म्हणून..." घ्या! दोघं एकमेकांना घाबरून गप्प बसलो होतो.

रिपोर्ट दोघांचे चांगले आले. सासूबाईंना डॉक्टरीणबाईंनी तपासून जंतुसंसर्ग सांगितला आणि गोळ्या सासऱ्यांनापण दिल्या. "मला कशाला? मला काय झालंय?" सासरे भडकले. सासूबाई शांतपणे पाण्याचा तांब्या पुढं करत म्हणाल्या, "एकट्या माज्यानं काय हुतंय? गिळा गप." त्यानंतर ह्या दोघी विहिणींची काय गट्टी जमली! भावकीतल्या प्रत्येक नवरीच्या परकरांचं कापड सासूबाई स्वतः बार्शीहून आत्याकडं पोचवायच्या.

काल मी आणि सासूबाई आत्याचं दुकान आवरायला गेलो. पडदा तसाच, मशीनवर तिचा चष्मा तसाच. आणि दारात मंगल उभी! तब्येत मस्त, कडेवर मुलगी. औषधं वेळेवर घेतली म्हणून मुलगी एकदम ठणठणीत, निगेटिव्ह. हातात तोच लग्नाचा ब्लाऊज. "आत्यांनी सांगितलं होतं, अंगानं भरलीस की आन, उसवून देते. उशीर झाला मला..." मी ब्लाऊज उलटा केला. आत्यानं शिलाई आत घेताना एक चिंधीसुद्धा कापली नव्हती, सगळं कापड आत दुमडून ठेवलेलं. मी एकेक टाका उसवला. मंगलनं तो पडद्याआड घातला. बरोब्बर बसला.

खुंटीवर एका नवरीचा अर्धवट परकर लटकत होता. खिसा राहिलेला. मला सरळ शिलाई येत नाही, तरी बसले मशीनवर. खिसा वाकडाच झाला. सासूबाईंनी इस्त्री केली, घडी घातली, परकर गार होऊ दिला, मग पाकीट ठेवलं आणि नाडीला लाल दोरा बांधला. म्हटलं, हे कशाला? "नवरीचा वळखू याया नगं?" म्हणाल्या. "न्हायतर परत कुना म्हातारीचा सत्यनारायन व्हायचा!"

आता तुम्ही सांगा की. लग्नाआधी हे विचारताना तुमच्याही घशाला कोरड पडली होती का? आणि तुमच्याही घरात होती का अशी कुणी, जिनं पडद्याआड नेऊन तुम्हाला आधीच विचारलं?