बोरसे नानांची भीती

बोरसे नाना कुठल्याही घराच्या उंबऱ्यापाशी थांबायचे आणि आत न डोकावता विचारायचे, "घरात कोणी आजारी नाही ना?" मग गळ्यातलं ओळखपत्र पुढे धरून म्हणायचे, "घाबरू नका. फक्त मोजायला आलोय." हे म्हणताना त्यांचा स्वतःचाच आवाज कापत असे. त्यांच्याबरोबर मी पहिल्यांदा बाहेर पडले, तेव्हा एका बाईने मला बाजूला घेऊन विचारलं, "यांना बरं नाही का? पाणी देऊ?"

धुळ्याकडच्या एका लहान नगरपालिकेच्या कर विभागात ते निरीक्षक होते आणि मी नव्याने लागलेली लिपिक. माझं माहेर जळगावजवळच्या असोद्याचं, तिथली बोली वेगळी, त्यामुळे इथली अहिराणी मला अर्धीमुर्धीच कळायची. नाना ऑफिसात साहेबी मराठी बोलत, पण घाबरले की अहिराणीवर येत. म्हणजे दिवसातला बराच वेळ ते अहिराणीच बोलत.

ते कशाकशाला घाबरत? कुत्र्याला, अरुंद जिन्याला, शेगडीला चिकटून ठेवलेल्या सिलिंडरला, ओल्या भिंतीवरून गेलेल्या वायरीला, मुख्याधिकाऱ्यांच्या फोनला. आजारी माणसाबद्दल विचारण्यामागेही भीतीच होती. तरुणपणी एका घरी ते मोजणीला गेले होते. पालिकेचा माणूस आलाय म्हटल्यावर आतले म्हातारेबाबा अंथरुणातून घाईने उठायला गेले आणि पडले. नंतर ते बरेही झाले, पण नानांनी त्या पडण्याचा आवाज काही मनातून काढला नाही. "आपण दारात आलो की माणसाच्या पोटात गोळा येतो," ते म्हणत. "तो आपणच आणलेला असतो, हे विसरायचं नाही."

ते वर्ष घरपट्टीच्या फेरआकारणीचं होतं. एका खासगी एजन्सीच्या पोरांनी बाहेरून घरांचे फोटो काढून मोजमापं केली होती. ती बरोबर आहेत का, हे घरोघर जाऊन बघायचं काम आमच्याकडे होतं. लोक वैतागलेले. नवी खोली दिसली की "ही बकऱ्यांसाठी आहे" म्हणायचे आणि आत पलंग, पंखा, टीव्ही. नाना कधी हसायचे नाहीत. टेपचं एक टोक मला देऊन मुकाट्याने मापं घ्यायचे.

असेच आम्ही गफूर चाचांच्या घरी गेलो. चाचा गाद्या भरायचे. घर जुनं, मातीच्या धाब्याचं, म्हणजे वर सपाट मातीचं छत. त्यांच्या मुलाने सुरतेला कामाला जाण्यापूर्वी त्या धाब्यावरच विटांची एक खोली चढवली होती. तिथे त्यांची सून शबाना मुलींना शिवण शिकवायची. आम्ही वर गेलो तेव्हा सगळ्या मशिनी चालू होत्या. नानांनी खोलीत पाऊल टाकलं आणि दाराची चौकट धरून तिथेच उभे राहिले.

"माय," ते मला हळूच म्हणाले, "बठ्ठं हाली राह्यनं."

शबाना हसली. "नाना, मशिनी चालल्या की हलतंच. आम्हाला सवय झालीय."

नाना मापं न घेताच खाली आले. चाचा कापसाच्या ढिगाजवळ बसले होते. ढिगाच्या एका बाजूला वरून बारीक माती गळलेली. चाचांनी ती सवयीने हाताने झटकली. नाना त्या हाताकडे बघत राहिले आणि एकदम म्हणाले, "चाचा, वरची खोली बंद करा. आजच."

चाचांचा चेहरा बदलला. "नाना, काय पाहिजे ते साफ सांगा. असं घाबरवून नका मागू."

नानांचे कान लाल झाले. पण ते रागावले नाहीत. "मला बांधकामातलं काही कळत नाही," ते म्हणाले. "मला फक्त भीती वाटतेय."

खरं सांगायचं तर मलाही वाटलं की नाना नेहमीप्रमाणे बाऊ करताहेत. ज्या माणसाला बंद कुलूप पाहूनही कुत्र्याची शंका येते, त्याच्या भीतीला किती किंमत द्यायची? त्यांनी बांधकाम विभागाला पत्र दिलं. तिथल्या अभियंत्याकडे आणखी एका पालिकेचं काम होतं. पुढच्या आठवड्यात बघतो, म्हणाला. तो आठवडा आलाच नाही. मी म्हटलं, "नाना, आपण कळवलं. आपलं काम झालं."

"आपलं झालं," नाना म्हणाले. "त्या पोरींचं?"

मग त्यांनी जे केलं, ते मी त्यांच्याकडून कधीच अपेक्षिलं नव्हतं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते रोज दुपारी चाचांकडे जाऊ लागले आणि वर जाऊन क्लासमध्ये एका स्टुलावर बसू लागले. "तुम्ही बसता, तर मीही बसतो," एवढंच शबानाला सांगितलं. मी एकदा बघायला गेले. अंगाला घाम, दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरलेले, डोळे जमिनीवर. मशीन जोरात चाललं की ओठ हलायचे. मुली आधी खुसखुसल्या. मग त्यांचं हसू कमी झालं. त्या मशिनी हळू चालवू लागल्या. काहींनी आपणहून भिंतीकडे सरकून घेतलं.

एक दिवस शबानानेच क्लास मध्येच थांबवला. सासऱ्यांना म्हणाली, "अब्बा, एवढा घाबरलेला माणूस पैशांसाठी रोज वर येऊन बसेल का? मला आता त्या खोलीत श्वास घेववत नाही."

पण मशिनी न्यायच्या कुठे? खाली कापूस, वर ही खोली. क्लास बंद म्हणजे तिची मिळकत बंद. नाना म्हणाले, "माझ्या घरी आणा." घर म्हणजे बाहेरची एक खोली आणि मागे स्वयंपाक. हातगाडीवरून मशिनी दारात आल्या, तेव्हा अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कपाळावर हात मारला. "मंग मी पाहुणासले कोठे बसाडू, यासना डोकावर?" असं म्हणत त्यांनी स्वतःच पलंग उभा करून भिंतीला लावला.

आठवडाभरात तक्रार आली. कर निरीक्षकाने घरपट्टी कमी लावायच्या बोलीवर लोकांच्या शिलाई मशिनी घरात आणून ठेवल्या, असा मजकूर. खाली सही नाही. मुख्याधिकाऱ्यांनी खुलासा मागवला. नानांना निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते. पेन्शन अडकेल, नाव जाईल, या विचाराने त्यांचं जेवण सुटलं. मी काकुळतीने म्हटलं, "नाना, मशिनी परत पाठवा. अजून काही पडलेलं नाही."

"पडू नये म्हणून तर मी रोज हात जोडतो, माय. मी खोटा ठरलो तर बरंच होईल. पण पोरी तिथे बसवून मी खोटा ठरायची वाट बघू?"

त्यानंतर लवकरच, एका कोरड्या, उन्हाच्या दुपारी, शिपाई धावत आला. "गफूर चाचाची वरची खोली बसली!"

नाना चप्पल न घालताच निघाले. मी मागे. गल्ली धुळीने भरलेली. अर्धी भिंत उभी होती, वरची खोली खालच्या खोलीत आली होती. कापसावर विटा. चाचा समोरच्या ओट्यावर होते, चहा प्यायला उठले म्हणून वाचलेले. नाना त्या ढिगाऱ्याकडे बघून ओरडले, "पोऱ्ही कोठे शेतीस? पोऱ्ही?"

शबाना पुढे आली. तिने नानांचे दोन्ही हात धरले. "नाना, तुमच्या घरी आहेत. मी आत्ता तिथूनच आले."

ते त्यांना पटलं नाही. स्वतः मशिनी हलवून आणणारा माणूस, पण त्या क्षणी त्यांना काही आठवत नव्हतं. ते तसेच अनवाणी घरापर्यंत गेले. दारातून आत पाहिलं. मुली मान खाली घालून शिवत होत्या. एकीने विचारलं, "काय झालं, नाना?" नानांना आत जाववेना. ते पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. अक्का पदराने त्यांच्या पायांचं रक्त पुसत राहिल्या.

पुढे तक्रार निकाली निघाली. मुख्याधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. नाना खाली मान घालून उभे. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "एवढी वर्षं मी किती घरांत गेलो. लांबी-रुंदी लिहिली आणि निघालो. त्यातल्या किती घरांत असं काही होतं, आणि मी बघितलंच नाही?" मला वाटलं होतं, आता तरी ते निवांत होतील. उलट त्यांची झोप गेली. निवृत्त झाल्यावरही ते सकाळी जुन्या गल्ल्यांतून फिरायचे. कोणी चहाला बोलावलं तर आधी वर बघायचे, मग बसायचे.

शेवटची काही वर्षं ते मुलीकडे जळगावला होते. त्यांचं दुखणं वाढल्याचं कळलं, तेव्हा मी भेटायला गेले. त्यांच्या अंगावर गफूर चाचांनी भरून दिलेली रजई. बोलायला त्रास होत होता. मी सांगितलं, नाना, मी आता तुमच्या जागेवर आहे. घरं मोजते. सुरुवातीला फार धडधडायचं, आता सवय झाली.

त्यांनी डोळे उघडले. "सवय?" मग बराच वेळ श्वास गोळा करून म्हणाले, "ज्या दिनले भ्याव वाटाव नही, त्या दिनले हाई नोकरी सोडी दे."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. लोक म्हणाले, शांतपणे गेले. तसं असेल तर चांगलंच आहे. मला मात्र त्यांचा शांत चेहरा काही केल्या डोळ्यांपुढे आणता येत नाही.

मागच्या आठवड्यात एका नव्या वस्तीत मोजणी केली. एका घराला बाहेरून लोखंडी जिना होता, कठडा नसलेला. खाली दुपट्यात बाळ झोपलं होतं. मी मापं घेतली, सही घेतली, घरी आले. सकाळी ऑफिसला न जाता तडक तिकडे गेले.

बाईने दार उघडलं. तिच्या चेहऱ्यावर भीती होती. "मॅडम, काल तर मोजून गेलात ना? आता काय राहिलं?"

"मोजायचं काही राहिलं नाही," मी म्हटलं. "जिन्याबद्दल बोलायचं राहिलं. जरा बाहेर येता का?"