तीन जादा कुंच्या

सासूबाई पुण्याहून आमच्याकडे अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला आल्या त्या चार कुंच्या घेऊन. नात एक, कुंच्या चार. मला हसू आलं, तर म्हणाल्या, "बाकीची तिघं थंडीत आहेत ना गं?"

तिघं म्हणजे आमचे गोठवलेले भ्रूण. टेस्ट ट्यूबच्या उपचारांत एक रुजला, तीच आमची लेक. तीन क्लिनिकच्या टाकीत उरले. नवऱ्याने फोनवर "थंडीत ठेवलेत" एवढंच समजावलं होतं. तेवढ्यावर त्यांनी कंपवाताच्या हातांनी खणाच्या कुंच्या शिवल्या. टाके वरातीत नाचल्यासारखे.

दुसरं बाळंतपण मला डॉक्टरांनी बंद केलेलं. परक्या जोडप्याला द्यायचा धीर होईना. शेवटी सासूबाईंनीच निकाल दिला: संशोधनाला द्या. अशा भ्रूणांच्या पेशींतून कंपवातावर औषध निघेल, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं. "मला नाही मिळणार, कळतं मला. पण कुणाचा तरी चहा बशीत सांडायचा थांबेल."

क्लिनिकमध्ये त्या पैठणी नेसून आल्या, जणू सोयरीक ठरवायला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मिशिगनमध्ये संशोधनासाठी भ्रूण मोडणं गुन्हा आहे. ठेवा, दुसऱ्या जोडप्याला द्या, नाहीतर आम्ही टाकून देऊ. मी ते मराठीत सांगितलं.

"म्हणजे टाकलेले चालतात, कुणाच्या उपयोगी पडलेले चालत नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "सांग त्यांना."

मी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी साठवणीची मुदत वाढवायचा फॉर्म पुढे सरकवला.

सासूबाई पुण्याला परतल्या. आम्ही दरवर्षी मुदत वाढवत राहिलो, आणि २००८च्या वसंतात टाकून द्यायला सही केली. फोनवर कळवलं तेव्हा त्यांचा आवाजही थरथरायला लागला होता.

"कुंच्या तरी दे कुणाला," म्हणाल्या. "त्याला नाही ना कायदा?"

दिल्या.

त्याच नोव्हेंबरात राज्यात मतदान झालं, कायदा बदलला. उरलेले भ्रूण आता संशोधनाला देता येणार होते. आम्हा व्हिसावाल्यांना मत नव्हतंच. त्या शनिवारी मी एका बारशाला गेले. पाळण्यातल्या बाळाच्या डोक्यावर हिरव्या खणाची कुंची.

"काकू, सो क्यूट आहे ही," बाळाची आई म्हणाली. "पण टाके असे वाकडे का हो?"

एरवी एवढ्या भांडवलावर मी अख्खा हॉल हसवला असता.

"आजीने शिवलीय," म्हटलं, आणि पाळण्याची दोरी हातात घेतली.