न पाहिलेला खडक

त्या दिवशी लोणावळ्यात धुकं असं उतरलं होतं, की ऑफिसच्या दारातून समोरची क्रेन दिसेना. नुसता तिचा आवाज येत होता. त्या दिवसाचं सांगायलाच बसलोय, पण आधी चार गोष्टी आठवतात, त्या सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही.

हॉटेलचं बांधकाम, आणि तिथल्या कॉस्टवाल्यांचं कंटेनरातलं ऑफिस. कशाला किती खर्च येईल, ठेकेदाराचं बिल बरोबर आहे का, हे बघणारी ही माणसं. मी तिथं ऑफिस उघडतो, झाडतो, चहा देतो. चहावाल्यासमोर माणसं मोकळं बोलतात, त्यामुळं किस्से गोळा करावे लागत नाहीत. कपाच्या तळाशी साखर राहावी तसे आपसूक राहतात.

*

माझ्या शेजारच्या बबनची पोरगी, स्नेहल, तिथं ज्युनिअर म्हणून लागली. सहा महिन्यांत पर्मनंट झाली तर ठीक, नाहीतर कामशेतला मामाच्या तांदळाच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलेलं.

पहिल्या आठवड्यात तिनं सिनिअर शेखसाहेबांना विचारलं, "सर, माझ्यात आणि तुमच्यात नेमका फरक काय?"

शेखसाहेब हळू बोलणारे. म्हणाले, "ज्युनिअर विचारतो, किती झालं? सिनिअर विचारतो, का झालं? मॅनेजर विचारतो, आता हे कुणाला सांगायचं?"

"आणि मोठे साहेब?"

"ते काहीच विचारत नाहीत. म्हणून तर सगळे घाबरतात!"

*

माप घ्यायची एक रीत आहे. टेपचं शून्याचं टोक नव्या माणसानं धरायचं, म्हणजे चिखलात तोच उतरणार. आकडा वाचणारा सिनिअर कोरड्यात.

एकदा शेखसाहेब रजेवर. आकड्याचं टोक ठेकेदाराच्या मुकादमाकडं गेलं. त्यानं टेप मधे छान झोळ देऊन धरली. झोळ पडला की माप वाढतं, माप वाढलं की बिल वाढतं.

स्नेहल म्हणाली, "काका, ताणा."

"ताणलीच हाय की, ताई!"

तिनं असा हिसका दिला, की मुकादम बसकण मारून थेट चिखलात!

ती म्हणाली, "हां, आता वाचा!"

*

सगळंच काही तिला जमायचं असं नाही. एकदा हॉटेलचे मालक आले. उभ्या उभ्या म्हणाले, "हा स्विमिंग पूल तिकडं सरकवला तर किती वाढतील?"

शेखसाहेब तोंड उघडेपर्यंत स्नेहलनं कॅल्क्युलेटर काढून आकडा सांगूनसुद्धा टाकला. मालक खूश. "एवढेच? मग सरकवा!"

शेखसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. मॅनेजरसाहेब मात्र हसत पुढं आले. "मालक, तो नुसत्या खड्ड्याचा आकडा. फरशी, पंप, पाणी वेगळं!"

मालक गेल्यावर मॅनेजरसाहेबांचं हसू पुसलं गेलं. "मालकाला तोंडी आकडा द्यायचा नसतो. तो त्यांना कायमचा पाठ होतो. कन्फर्मेशनच्या वेळी हे लक्षात ठेवीन मी!"

पोरगीनं दोन दिवस कॅल्क्युलेटर पिशवीतून बाहेर काढला नाही.

*

आता तो धुक्याचा दिवस.

ड्रेनेजच्या पायपासाठी ठेकेदारानं लांब चर खणला होता. त्याचं म्हणणं, खाली खडक लागला. मुरमापेक्षा खडक फोडायचा दर कितीतरी जास्त. म्हणून नियम असा, की चर उघडा असताना दोघांनी मिळून माप घ्यायचं. यानं पाईप टाकून रविवारीच चर बुजवला, आणि सोमवारी खडकाचं बिल दिलं.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "स्नेहल, मी ओळखतो त्याला. खोटं नाही बोलत. सही कर."

"सर, ते खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. पण मी खडक पाहिलेला नाही."

"आज पुण्याहून मोठे साहेब येतायत. तुझं कन्फर्मेशन त्यांच्याच हातात आहे. माहितीय ना?"

"माहितीय."

तिनं बिन सहीचं बिल परत त्यांच्यापुढं ठेवलं.

मोठे साहेब आले. बसले. विचारलं काहीच नाही. ठेकेदारच बोलायला लागला, "साहेब, ह्या पोरीचा माझ्यावर इस्वास न्हाई. चर उघडून बगा. खडक न्हाई निघाला तर मला तितंच गाडा! पन निघाला तर?"

"निघाला तर लिहीन," स्नेहल म्हणाली.

"आणि उघडल्याचा खर्च? वाया गेलेला दिवस?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

स्नेहलनं कोपऱ्यातली टेप उचलली.

मोठे साहेब म्हणाले, "उघडा."

धुक्यात जेसीबीचे नुसते दिवे दिसत होते. आम्ही सगळे काठावर. पाईप फुटू नये म्हणून कडेकडेनं उकरणं चाललं होतं. मुरूम निघाला, परत मुरूम निघाला. मॅनेजरसाहेबांनी रुमाल काढला. आणि बकेटचे दात खण्णकन वाजले. चराच्या कडेला काळा, अखंड खडक.

"घ्या! हाय का न्हाई माझा खडक?" ठेकेदार ओरडला.

स्नेहल टेप घेऊन चरात उतरली. तिचं माप ठेकेदारानं लिहिलं होतं तेवढंच भरलं. वर येऊन तिनं सही केली.

"झालं समाधान?" मॅनेजरसाहेब म्हणाले.

"हो सर. आता पाहिला."

मोठ्या साहेबांनी तिला बोटानं गाडीकडं बोलावलं. ती आत बसली, काच वर गेली, आणि धुक्यात पुढं काही दिसलं नाही.

संध्याकाळी नेहमीच्या लोकलला ती नव्हती. मी एकटाच आमच्या बेगडेवाडीला उतरलो. बबनला काय सांगायचं, या विचारात ओट्यावर बसून राहिलो. दिवे लागले तसा तोच कुडावरून डोकावला.

"आबा, आज हापिसात झालं तरी काय? पोरगी आत्ता मोठ्या साहेबाच्या गाडीतनं उतरली, म्हनती, सगळ्यांम्होरं ठेकेदारच खरा ठरला. मग ह्ये पेढं कशाचं गं, म्हनलं, तर नुसती हसतीय!"