दाजींनी 'नाही'वर केलेली खूण

आक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन आला तेव्हा मी शाहूपुरीतल्या आमच्या दुकानात माल तपासत होतो. "हे गेलं रं," एवढंच ती म्हणाली. दाजी गेले होते. मी सवयीनं कागद ओढला आणि कुणाकुणाला कळवायचं ते लिहायला घेतलं. सहा नावं झाली. मग लक्षात आलं, त्यांच्या भजनी मंडळातल्या चौघांना कळवायची गरजच नाही. ते आधीच गेलेत...

दाजी मुरगूडला चाळीस वर्षं भजन म्हणत आले होते. तरुणपणी एका कंपनीनं त्यांच्या मंडळाची कॅसेट काढली होती. तिच्या चोरट्या नकला इतक्या फिरल्या की कंपनी वैतागली. तो राग काही खोटा नव्हता. पुढं मंडळातली माणसं थकायला लागली, तेव्हा दाजींनी स्वतःचं आणि एकेकाचं गाणं मोबाईलवर टिपून ठेवलं. इंटरनेटवर चॅनेल मीच काढून दिलं. मोबाईल भरला तेव्हाही मीच म्हणालो, "वर चढलंय न्हवं, आता खालचं पुसा." त्यांनी पुसलं. त्या चौघांचे आवाज आता फक्त चॅनेलवर उरले.

मग नोटिसा यायला लागल्या. चोरी पकडायला कंपनीनं यंत्र बसवलं होतं. त्यानं दाजींचा आवाज जुन्या कॅसेटशी ताडून पाहिला आणि तो जुळला. जुळणारच, त्यांचाच होता. तिसऱ्या नोटिशीला चॅनेल बंद होणार, म्हणून हरकतीचा अर्ज मी भरून दिला. एकच प्रश्न उरला होता: या गाण्याचा हक्क तुमचा आहे का? 'हो'वर खूण करून पाठवा, असं बजावून मी कोल्हापूरला आलो. त्यांनी 'नाही'वर केली.

"दाजी, काय केलं हे?"

"अभंग संतांचा, चाल माझ्या गुरूची. माझं काय हाय त्यात, पावणं?"

"अवो, यंत्राला कुठं कळतंय हे?"

"मग त्येच्याशी खोटं बोलू व्हय?"

मी चिडून बरंच बोललो. चॅनेल बंद झालं, सगळं गाणं गेलं. त्यानंतर मी कितीतरी महिने ईमेल पाठवत राहिलो. छापील उत्तरं यायची, माणूस कधी भेटला नाही. पुसायला कुणी सांगितलं होतं, असं दाजींनी मला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं...

गेल्या आठवड्यात आक्का म्हणाली, "तुझ्या मोबाईलात त्येंचा आवाज हाय का रं?" शोधलं. गाणं एकही नाही. एक निरोप सापडला, चष्म्याच्या दुकानाचा पत्ता विचारणारा. बोलण्याआधी दाजी घसा साफ करून बारीक सूर लावायचे, फोनवरसुद्धा. तो सूर त्यात आहे, दोनेक सेकंदांचा. आक्कानं तेवढा ऐकला आणि पत्त्याचं बोलणं सुरू व्हायच्या आत मला थांबवलं.

"एवढाच परत लाव," म्हणाली.